वय विचारू नका, गाणं म्हणायला सांगा

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनहोमच्या सोसायटीच्या बैठकीत दर सप्टेंबरअखेरीस हॅलोवीनचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री वेष करून दारोदार खाऊ मागत फिरण्याच्या सणाचा विषय निघतो आणि दर वर्षी त्याच खड्ड्यात जाऊन पडतो. गेल्या वर्षी तर एकांनी ठरावच मांडला: बारा वर्षांवरच्या मुलांनी दारोदार चॉकलेट मागत फिरू नये आणि मोठ्यांनी वेष करून मुलांच्या मध्ये लुडबुडू नये, कारण सण मुलांचा आहे. ठरावामागे दोन प्रसंग होते. आदल्या साली एक सहाफुटी मुलगा रोजच्याच कपड्यांत, हातात उशीचा अभ्रा घेऊन दारोदार गेला होता. शिवाय पन्नाशीतले एक गृहस्थ आपादमस्तक पांडा होऊन आले होते आणि लहान मुलं त्यांना बघून रडली होती. झालं, दोन तट पडले. एक म्हणे, हा पोरकटपणा मोठ्यांना शोभत नाही. दुसरा म्हणे, मजा करतायत तर करू द्या, तुमचं काय जातं? मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या तटाचा इतिहास कच्चा आहे. दुसऱ्याचा तर युक्तिवादच नाही. ‘तुमचं काय जातं’ असं म्हटल्याने बैठक संपते, प्रश्न तसाच घरी येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वेषाला वयाची अट घालणं चूक आहे. घालायचीच असेल तर सोंग वठवण्याची अट घाला. मराठीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपलं भाग्य. कपडे अंगावर ‘घालतात’, सोंग मात्र ‘आणावं’ लागतं, ‘वठवावं’ लागतं, आणि ते वठलं नाही तर बघणारे हसतात. अमेरिकेत दुकानातून पिशवीबंद मिळतो तो कॉस्च्युम. तो अंगावर चढवला की आपलं काम संपलं, असा समज इथे रूढ झाला आहे. तो पांडा मला खटकला तो पन्नाशीचा होता म्हणून नव्हे. पांडा होऊन तो फाटकाशी उभा राहून फोनवर घराच्या कर्जाच्या व्याजदराबद्दल बोलत होता, म्हणून खटकला.

वयाची अट ही काही आमच्याच सोसायटीची सुपीक कल्पना नव्हे. व्हर्जिनियातल्या चेसपीक शहराने १९७० साली नियम केला होता की बारा वर्षांवरचं कुणी चॉकलेट मागत फिरताना सापडलं तर दंड, आणि वर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगसुद्धा. २०१९ साली त्यांनी मर्यादा चौदावर नेली आणि तुरुंग काढून टाकला. कॅनडातल्या बाथर्स्ट या गावाने २०१७ साली हीच रेषा चौदावरून सोळावर सरकवली. बारा, चौदा, सोळा. हे आकडे कुणी, कशावरून काढले? मतदानाच्या वयामागे काही विचार असतो, गाडी चालवण्याच्या वयामागेही असतो. पण चेटकीण होणं नेमक्या कोणत्या वाढदिवशी अशोभनीय ठरतं? शिवाय या नियमाचा फटका कुणाला बसतो, तेही बघा. बाराव्या वर्षीच ताडमाड वाढलेल्या मुलाला, आणि वयाने मोठ्या पण मनाने लहान राहिलेल्या मतिमंद मुलाला. दारातला माणूस जन्मदाखला मागत नाही, तो उंची बघतो.

आता ‘सण मुलांचा’ या गृहीतकाकडे वळू. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये या रात्री तोंडं रंगवून, मुखवटे चढवून घरोघर फिरण्याची चाल किमान सोळाव्या शतकापासूनची आहे, आणि तिच्यात दांडगे तरुण पुढे असत. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश माणसं अमेरिकेत आली, सोबत ही चाल आली. तिकडच्या कोरलेल्या सलगमाच्या जागी इथला भोपळा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅलोवीन म्हणजे मोठ्यांची घरगुती मेजवानी असे. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन या कागदाच्या कंपनीने १९०९ साली खास पुस्तिका काढली, तीत क्रेप कागदाचे पोशाख आणि सजावट कशी करायची याच्या सूचना होत्या. त्या बहुतांशी यजमानीण बाईंसाठी होत्या, पोराबाळांसाठी नव्हेत. मुलांचा त्या रात्रीशी संबंध होता तो उच्छादाचा: फाटकं उखडणं, खिडक्या फोडणं. मंदीच्या काळात, १९३०च्या दशकात, हा उच्छाद इतका वाढला की गावोगावच्या मंडळींनी पोरांना गोड खाऊ देऊन थंड करायची युक्ती काढली. मग महायुद्ध आलं, साखरेचं रेशनिंग आलं. १९४७ साली ते उठलं आणि त्यानंतर कुठे, नव्या उपनगरांच्या रांगेतल्या घरांमधून, आज आपण ज्याला ‘मूळ’ हॅलोवीन म्हणतो तो बहरला. निर्विवादपणे मुलांचा असा तो जेमतेम पाव शतक होता. एवढ्याला लोक सनातन परंपरा म्हणतात. अर्थात आपण तरी काय करतो? १८९०च्या दशकात सुरू झालेल्या सार्वजनिक गणपतीला आपणही ‘पूर्वापार’च म्हणतो.

त्या पाव शतकात मुलांच्या सोंगांचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीचे खोक्यातले पोशाख तेव्हा घरोघर पोचले. पातळ प्लास्टिकचा मुखवटा, मागे रबर, आणि अंगात व्हायनिलचा झगा, ज्याच्या छातीवर त्याच पात्राचं चित्र किंवा नाव छापलेलं. म्हणजे स्पायडरमॅन झालेल्या मुलाच्या छातीवर स्पायडरमॅनचं चित्र! खरा स्पायडरमॅन स्वतःचं चित्र छापलेला सदरा घालून हिंडत नाही, हे एखाद्या सहा वर्षांच्या पोरालाही कळत असणार. पण मुद्दा तोच आहे: ओळख झग्यावरच छापलेली असली की मुलाने काही करून दाखवायची गरज उरत नाही. सोंगाचा पोशाख झाला तो इथे, आणि तो मुलांच्या अंगावर झाला. मोठ्यांनी सण बिघडवला म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

‘पोरकटपणा’ या शब्दाला माझा आणखी एक आक्षेप आहे. मोठ्या माणसाच्या सोंगाला राज्यकर्ते कधीच पोरकट समजलेले नाहीत. ते त्याला घाबरत आले आहेत. न्यूयॉर्क राज्यात १८४५ साली मुखवटे घालून जमण्यावर बंदी आली, ती हडसन खोऱ्यातल्या कुळांमुळे. जमीनदारांच्या वसुलीला विरोध करताना ती छिटाचे झगे आणि मुखवटे घालून येत. सॅन फ्रान्सिस्कोत १८६३ पासून ‘आपल्या लिंगाला न साजेसा’ पोशाख करणं गुन्हा होता, आणि तो नियम १९७४ पर्यंत टिकला. पुरुषाने बाईचा पोशाख करून रस्त्यावर यायचं, तर वर्षातून एकच रात्र त्यातल्या त्यात सुरक्षित होती, हॅलोवीनची. तीही मध्यरात्रीपर्यंत. त्यानंतर पोलीस ‘फसवण्याचा हेतू’ लावून पकडत. तिथल्या ‘ब्लॅक कॅट’ नावाच्या बारमधला कलावंत होझे सारिया याने त्यावर तोड काढली. काळ्या मांजरीच्या तोंडाच्या आकाराच्या चिठ्ठ्या करून त्याने वाटल्या, वर लिहिलेलं: ‘मी मुलगा आहे’. चिठ्ठी दाखवली की फसवणूक उरत नाही! ज्यांच्यासाठी ती एक रात्र वर्षाच्या बाकीच्या ३६४ दिवसांवरचा उतारा होती, त्यांना कुणी सांगावं की सण मुलांचा आहे, तुम्ही बाजूला व्हा? तो नियम गेला त्याच १९७४ साली न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये मुखवटे आणि बाहुल्या बनवणाऱ्या राल्फ ली यांनी आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना घेऊन घरोघर फेरी काढली. तिचीच पुढे शहराची मिरवणूक झाली. २००१ साली, जुळे मनोरे कोसळल्यानंतर सात आठवड्यांनी, ती रद्द होईल असं वाटत असताना निघाली, आणि त्यात राखेतून उठणाऱ्या फिनिक्सची भलीमोठी बाहुली होती. हा पोरकटपणा असेल तर मोठेपणा कशाला म्हणायचं, मला कळत नाही.

माणसाची वेषाची आवड वयाबरोबर बदलते ती खालावते म्हणून नव्हे, असं मला ठामपणे वाटतं, आणि याला पुरावा म्हणून माझ्याकडे मीच आहे. १९९१ साली, आठव्या वर्षी, मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा सोंगाचा माझा एकूण अनुभव शाळेतल्या फॅन्सी ड्रेसचा होता: एकदा झाशीची राणी, एकदा भाजीवाली. हॅलोवीन म्हणजे काय हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. मला चेटकीण व्हायचं होतं. आईने आपली जुनी काळी चंद्रकळा दुहेरी करून माझ्या खांद्यावर टाकली, ड्रॉइंग पेपरची निमुळती टोपी केली, काजळाने नाकावर मस काढला. अडलं ते झाडूपाशी. भारतातून आणलेली केरसुणी दाराआड होती. पण आई म्हणाली, “ती लक्ष्मी आहे. येत्या मंगळवारी लक्ष्मीपूजनाला तिची पूजा करायची आणि आज तू तिच्यावर बसून उडणार?” शेवटी नुकतंच विकत आणलेलं बर्फ ओढायचं फावडं मिळालं. वर थंडीमुळे जाड जॅकेट, म्हणजे चंद्रकळा झाकलीच. दार उघडून बायका विचारायच्या, तू कोण? मला इंग्रजी येत नव्हतं. मी फावडं आपटून चेटकिणीसारखी हसायचे. एका आजीबाईंनी घाबरून अख्खी वाटी माझ्या पिशवीत ओतली. तेवढं वठलेलं सोंग मी पुन्हा कधी आणलं नाही.

दहाव्या वर्षी मला दुकानातलाच पोशाख हवा होता, कारण वर्गातल्या आणखी चौघी तोच घेणार होत्या. चेटकीण होण्यात आता काही गंमत उरली नव्हती. चारचौघींसारखं होण्यात होती. आई-बाबांच्या पगाराचा आणि ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ या म्हणीचा अर्थ मला त्या साली कळला. चौदाव्या वर्षी मी वेषच केला नाही. काळा स्वेटशर्ट घालून मैत्रिणीच्या जिन्यावर बसून राहिले. पण विचार केला तर तेही सोंगच होतं, आणि त्या वयातलं सगळ्यात अवघड: कशातच रस नसलेल्या मुलीचं. कॉलेजात नाश्त्याच्या सीरिअलच्या छोट्या खोक्यांत प्लास्टिकच्या सुऱ्या खुपसून ती अंगावर चिकटवली आणि ‘सीरिअल किलर’ झाले. तेव्हा मला कुणी घाबरायला नको होतं, हुशार म्हणायला हवं होतं. मूल झाल्यावर दोन-तीन वर्षं सगळ्या नवपालकांसारखी फोटोसाठी सोंगं झाली. बाळ भोपळा, आम्ही शेतकरी, बाळ रडवेलं. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. आणि आता चाळिशी ओलांडल्यावर मला पुन्हा चेटकीण व्हावंसं वाटतं. आठव्या वर्षी भिववण्याची हौस होती. आता हसं झालं तरी चालेल, एवढी मोकळीक आली आहे. यातली कोणती पायरी वरची आणि कोणती खालची? दहाव्या वर्षाचा बाजारू पोशाख ‘निरागस’ आणि चाळिशीतली चेटकीण ‘पोरकट’ ठरवणाऱ्या मापाला माप तरी कसं म्हणायचं?

समोरच्या बाजूचे भारी मुद्दे मी टाळणार नाही. पहिला, बाजाराचा. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा २०२३ सालचा अंदाज असा होता की हॅलोवीनवर एकूण १,२२० कोटी डॉलर खर्च होतील, त्यात पोशाखांवर ४१० कोटी. त्यातले २०० कोटी मोठ्यांच्या पोशाखांवर, १४० कोटी मुलांच्या, आणि ७० कोटी कुत्र्यामांजरांच्या. हे आकडे मला लाजिरवाणे वाटतात, विशेषतः शेवटचा. पण ते वयाविरुद्धचा पुरावा कसे होतात? पोशाख एका रात्रीत कचऱ्यात जातो, तो मुलाचा असो की बापाचा. आणि मोठ्या माणसाच्या हातात निदान सुई-कात्री देता येते. खर्चाला आळा घालायचा तर घरी केलेल्या सोंगाला मान द्या. ते वयाची मर्यादा घालून साधणार नाही.

दुसरा मुद्दा बायकांच्या पोशाखांचा, आणि इथे मी बरीचशी माघार घेते. मोठ्यांच्या दुकानात पुरुषाला समुद्री चाचा मिळतो आणि बाईला तोकड्या कपड्यांतला समुद्री चाचा. पुरुषाला डॉक्टर, बाईला तशीच नर्स. कुणी हौसेने घालत असेल तर हरकत नाही, पण दुसरं काही टांगलेलंच नसेल तर तिला हौस म्हणता येत नाही. बाईची आवड ‘बदलली’ असं आपण म्हणतो तेव्हा ती दुकानाने बदलली की तिने, हे विचारायला हवं. माझी घरात शिवलेल्या सोंगाची बाजू त्यामुळे आणखी पक्की होते. दुकानातली कुठलीही चेटकीण माझ्या चंद्रकळेएवढी अंगभर नव्हती, आणि तेवढी भीतिदायकही नव्हती.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे. मोठा माणूस सोंगाने दुखवू शकतो, कारण त्याला समज असूनही तो ते करतो. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले जस्टिन ट्रुडो २००१ साली, २९ वर्षांचे शिक्षक असताना, ‘अरेबियन नाइट्स’च्या एका मेजवानीत तोंड-हात काळवंडून गेले होते. पंतप्रधान झाल्यावर, २०१९ मध्ये, ते छायाचित्र बाहेर आलं आणि त्यांना माफी मागावी लागली. आठ वर्षांच्या मुलाने हे केलं असतं तर दोष आईबापांचा म्हटला असता. म्हणजे मोठ्यांवर जबाबदारी जास्त, हे कबूल. पण इकडच्या लोकांना बोलण्याआधी आपल्या शाळांचं स्नेहसंमेलन आठवा. गोऱ्यागोमट्या पोराला काळं फासून, कमरेला पाला बांधून ‘आदिवासी’ म्हणून मंचावर कोण पाठवतं? फाटके कपडे घालून ‘भिकारी’ कोण करतं, आणि पहिला नंबर कोण देतं? ते सोंग मुलाचं नसतं. मोठ्यांची समजूत मुलाच्या अंगावर चढवलेली असते. मोठ्यांनी स्वतः सोंग घेतलं तर निदान त्याचा जाब त्यांना विचारता येतो.

चौथा मुद्दा रस्त्याचा, आणि त्यावर वाद नाही. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांचा एक अभ्यास आहे. त्यात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांचे मृत्यू, आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच वेळेशी तुलना करता, ४३ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना धोका सगळ्यात मोठा. मोठ्यांनी त्या संध्याकाळी दारू पिऊन गाडी काढू नये, हे सांगायला मी बैठकीत सगळ्यांच्या आधी हात वर करीन. पण हे चाळिशीतल्या चेटकिणीला घरात बसवण्याचं कारण नव्हे. उलट ती मुलांबरोबर पायी फिरत असेल तर रस्त्यावर एक जाणतं माणूस वाढतं.

मग करायचं काय? स्कॉटलंडमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी जुनी रीत आहे: दारात आलेल्याने गाणं म्हणायचं, कविता म्हणायची, निदान एक विनोद सांगायचा. मग खाऊ. खाऊ ही कामाची बिदागी असते, दारात येण्याची नव्हे. आमच्या बाबांनी १९९१ साली पिशवी बघून विचारलं होतं, “दारोदार भीक मागायला जायचं का आता?” तेव्हा आई म्हणाली होती, “अहो, भोंडलाच आहे हा. फक्त गाणी नाहीत.” तिला त्या सणाची काही माहिती नव्हती, पण नेमकं काय हरवलंय ते तिने ओळखलं. भोंडल्यात एका घरची गाणी झाली की खिरापत, मग पुढचं घर. खिरापतसुद्धा आयती नाही, ओळखावी लागते. वासुदेव पहाटे दारात येतो तो नाचून, गाऊन दान घेतो. त्याला भिकारी म्हणणारा माणूस गावात एकटा पडतो. एकनाथांच्या भारुडातही कीर्तनकाराच्या जागी जोगतीण येते, भुत्या येतो, आणि त्या रूपाच्या तोंडून सांगितलेलं लोक ऐकतात. तिथे कुणी विचारत नाही, बुवा, या वयात हे शोभतं का? वठलं की नाही, एवढंच बघतात.

म्हणून बैठकीत मी उपसूचना मांडली: वय विचारायचं नाही, पण काहीतरी करून दाखवल्याशिवाय चॉकलेट नाही. चार वर्षांच्या पोरीने गुरगुरून दाखवलं तरी पुरे. सोळा वर्षांच्या मुलाला जरा जास्त करावं लागेल. त्या उशीच्या अभ्र्यावाल्याला कुणी ‘तू कोण?’ एवढं विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता, अशी माझी खात्री आहे. त्या वयातली मुलं वेष न करता येतात ती बेशरम असतात म्हणून नव्हे. हौस असल्याचं कुणाला दिसू नये, असं त्यांना वाटत असतं, म्हणून. उपसूचना चार विरुद्ध सात मतांनी पडली. ठरावही पडला, म्हणजे यंदा पुन्हा सगळं आहे तसंच.

आमच्या घरी मात्र उपसूचना लागू आहे, आणि ती राबवतात बाबा. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या लहानपणी गावात बहुरूपी यायचा, फौजदार होऊन. दारात काठी आपटून म्हणायचा, चला, तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय. गेली तीन वर्षं बाबा खाकी शर्ट इस्त्री करून, टोपी घालून, हातात जुनी हिशेबाची वही घेऊन दारात खुर्ची टाकून बसतात. इथल्या पोलिसांचा गणवेश निळा, त्यामुळे फौजदार कुणालाच ओळखू येत नाही. मुलं त्यांना पार्सलवाला समजतात. गेल्या वर्षी परी झालेली एक चिमुरडी पायरीवर थबकली आणि विचारू लागली, “आमचं पार्सल आणलंत का?” बाबांनी वही उघडली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाले, “उद्या दुपारी. आज आधी नाचून दाखव.”